सरुवैनीच्या उठाबशा

सरुवैनीला जमिनीवर बसताना मी किती वेळा पाहिलं असेल याची गणती नाही. पण उठताना तिनं कधी हात टेकल्याचं मला आठवत नाही. भिंतीचा आधार नाही, गुडघ्यावर तळवा नाही, ‘आई गं’ तर मुळीच नाही. मांडी सुटायची, पाय जवळ यायचे आणि बाई उभी राहायची. मांडीवर पोर असो की कडेला पाण्यानं भरलेली कळशी, तिच्या उठण्यात फरक पडायचा नाही.

आता आमच्या घरात जेवायचं टेबल आलं, बसायला सोफा आला. जमिनीवर बसायची वेळच येत नाही, त्यामुळे उठता येत नाही हे कुणाला कळतही नाही. आमची सून दर महिन्याच्या एक तारखेला व्यायाम सुरू करते. पहिल्याच दिवशी घाम निथळेपर्यंत करते, आठवड्यात तिची कंबर धरते आणि मग चटई गुंडाळून माळ्यावर जाते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, हिला तेवढेही पुरत नाहीत. मी काही बोलले की तिचं उत्तर ठरलेलं आहे. ‘आई, तुमच्या वेळी कामंच एवढी होती, व्यायाम वेगळा कशाला लागायचा?’ कामं होती हे खरं आहे. पण कामानं बाई झिजते आणि व्यायामानं भरते, हा फरक पंचवटीतल्या एका माळ्याच्या सुनेला ओळखता आला होता. तो तिला का ओळखावा लागला, ते आज सांगून टाकते.

साल पस्तीसचं असावं. सिंहस्थाची गर्दी ओसरून दोनेक वर्षं झाली होती. मी मैना, दिंडोरीकडच्या खेड्यातली, सोळा वर्षांची. संक्रांत झाली आणि वडिलांनी मला पंचवटीला आत्याकडे पोचवायचं ठरवलं. ‘साळूबाईची सून आजारातून उठलीय, घरात हाताशी कुणी नाय,’ एवढंच मला सांगितलं. निघताना आईनं माझी वेणी घालता घालता एक गोष्ट बजावली.

“तिथं सावळीरामला दादा म्हनू नको.”

सावळीराम म्हणजे आत्याचा मुलगा. मी विचारलं, “मग काय म्हनू?”

“काहीच म्हनू नको.”

आमच्याकडे मामाच्या मुलीवर आतेभावाचा हक्क समजतात. पण सावळीरामचं लग्न होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, त्यामुळे माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. पंचवटीत पोचल्यावर शेजारची गोजराबाई मीठ मागायला आली. मीठ राहिलं बाजूला, तिनं मला बाजारातल्या कालवडीसारखं डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि आत्याला म्हणाली, “बांध्याची चांगली हाय.” तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मला कामाला आणलं नव्हतं. मला सावळीरामच्या बायकोच्या, म्हणजे सरुवैनीच्या जागी आणलं होतं.

सरुवैनीचं दोनदा पोटातलं गेलं होतं. पहिलं लग्नानंतर लवकरच. दुसरं मी येण्याआधीच्या आषाढात. गंगेला नवं पाणी आलं होतं, घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. डोक्यावर हंडा, कमरेवर घागर घेऊन ती चढत होती आणि शेवटच्या पायऱ्यांवर तिचे पाय लटपटले. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. त्या दिवशी गंगेनं पाण्याबरोबर तिचं सगळंच नेलं, असं ती एकदाच मला म्हणाली. सुईण कुसाबाईनं निकाल दिला होता, ‘हिच्या अंगात जीव नाय, हिच्या पोटी धरायचं नाय.’ आत्या दिवाळीची वाट बघणार होती. पुढच्या तुळशीच्या लग्नापर्यंत काही दिसलं तर ठीक, नाहीतर भावाची मुलगी घरात होतीच.

हे सगळं सरुवैनीला ठाऊक होतं. मला बघून तिनं तोंड फिरवलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. पण पहिल्या संध्याकाळी तिनं माझ्या टाचा बघितल्या, त्या भेगाळल्या होत्या. तिनं कोकमाचं तेल गरम करून वाटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, “चालून आलीस का काय दिंडोरीवरनं?” मला तेव्हा रडू आलं. त्या घरात आम्ही दोघी एकाच बाईला आत्या म्हणत होतो, मी रक्ताच्या नात्यानं आणि ती लग्नाच्या. दोघींना तिचाच धाक होता. म्हणून असेल, पण आमचं जमलं.

तिच्या उठाबशा मी दुसऱ्याच दिवशी पाहिल्या. चुलीच्या खोलीत भिंतीत एक देवळी होती, तिच्यात पितळेचा बोटभर गणपती. आंघोळ करून वैनी त्याच्यासमोर उभी राहिली, उजव्या हातानं डावा कान आणि डाव्या हातानं उजवा कान धरला आणि खाली बसली, वर उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. चुकलंमाकलं माफ कर म्हणून गणपतीपुढे दोन-चार उठाबशा आपण सगळेच घालतो. हिच्या संपेचनात. घाई नव्हती. खाली जाताना श्वास आत, वर येताना बाहेर, टाचा जमिनीला चिकटलेल्या. मी दारात उभी राहून बघत होते.

“वैनी, काय चुकलं वं तुमचं?”

“लय चुकलंय,” ती हसून म्हणाली. “तुझं काय चुकलं असंल तर ये, उभी ऱ्हा.”

मी उभी राहिले. माझं काय चुकलं होतं ते मला ठाऊक नव्हतं, पण त्या घरात माझं असणं हीच चूक आहे असं मला वाटत होतं. पोरवयाच्या मस्तीत मी तिच्यापेक्षा भराभर घातल्या. दुसऱ्या दिवशी मला शेण काढायला वाकता येईना. वैनीनं माझ्या पोटऱ्या चोळून दिल्या आणि म्हणाली, “पी हळद अन् हो गोरी असं नसतंय गं. अंगाला कळू न देता वाढवायचं असतंय.”

हे वाक्य तिचं नव्हतं, तिच्या बापाचं होतं. सरुवैनीचे वडील खंडेराव हे गंगेपलीकडे जुन्या नाशकात एका तालमीचे वस्ताद. तालमीत बाईमाणसानं पाऊल टाकायचं नाही हा नियम, मग ती वस्तादाची मुलगी का असेना. लहानपणी ती बापाची भाकरी घेऊन जायची आणि पठ्ठ्यांचं आटपेपर्यंत दाराबाहेरच्या ओट्यावर बसून राहायची. दिसायचं काही नाही, ऐकू सगळं यायचं. कुणाचा श्वास कुठे तुटतो, कुणाची टाच उचलली म्हणून वस्ताद ओरडले, घाई करणाऱ्याला काय शिवी मिळते. पोरगी कानांनी तालीम शिकली.

आषाढातल्या त्या पडण्यानंतर तिला माहेरी आणलं होतं. अंथरुणातून उठली तेव्हा मांड्या थरथरायच्या. बापानं मुलीशी तिच्या अंगाबद्दल बोलावं असा तो काळ नव्हता. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. एक दिवस खंडेरावांनी तिला ओट्यावर भाकरी घेऊन बोलावलं. आत अब्बास नावाचा विणकर पैलवान मुदतीच्या तापातून उठून पहिल्यांदाच आला होता. वस्ताद त्याला सांगत होते, पण आवाज असा की पल्याडच्या गल्लीत ऐकू जावा. “आजारातनं उठलेल्या पायांनी पयल्या दिवशी खांब धरायचा. खांब धरून जमल्या तेवढ्याच. मांड्या पेटायच्या आधी थांबायचं. जीव ऱ्हायला असतानाच थांबायचं, म्हंजी उद्या परत यावंसं वाटतंय. एक दिवस चुकला तर चुकला, दोन चुकवायचे नाय.” अब्बास बिचारा दोन पावलांवर उभा. तो म्हणाला, “वस्ताद, मला ऐकू येतंय.” त्यावर खंडेराव आणखी मोठ्यानं म्हणाले, “ऐकू येतंय ना? मग झालं.”

वैनी ही गोष्ट सांगताना हसायची आणि मग पदरानं डोळे पुसायची. बापानं आपल्याशी बोलायचा मार्ग काढला याचं तिला फार अप्रूप होतं. माझ्याही बापाला असा एखादा मार्ग सुचला असता तर, असं मला वाटायचं.

सासरी परत आल्यावर प्रश्न पडला तो करायचं कुठे आणि कसं. बैठका मारणं हे पैलवानाचं काम. बाईनं बैठका मारल्या तर अंग लाकडासारखं होतं आणि कूस वाळते, असं सगळ्याच बायका म्हणायच्या. म्हणून तिनं कान धरले. कान धरले की बैठकीची उठाबशी होते, आणि देवापुढे उठाबशा घालणाऱ्या बाईला कोण अडवणार?

तिची पद्धत साधी होती. चुलीवर दूध चढवलं की देवळीसमोर उभी राहायची. दूध वर आलं की तिचं संपलं. दूध रोज तापतं, म्हणून हिच्या उठाबशाही रोज. वेळ शोधावी लागत नसे आणि आठवण ठेवावी लागत नसे. हळूहळू ती दूध जरा लवकर चढवायला लागली, एवढाच फरक. महिन्याचे चार दिवस बाजूला बसायची वेळ आली की देवळीपाशी जाणं बंद. बाकीच्या बायका त्या दिवसांना कावायच्या, वैनी म्हणायची, “देवानंच सुट्टी दिलीय अंगाला.” पाचव्या दिवशी न्हाऊन उभी राहिली की थोडं कमी करायची, मग पुन्हा चढवायची. पाण्याचंही तसंच. आल्या आल्या तिनं हंडा उचलला नाही. आधी नुसती कळशी, आणि घाटाच्या ज्या पायऱ्यांवर पडली होती त्याच पायऱ्या. कळशी जड लागेनाशी झाली तेव्हा घागर घेतली. घागर अंगवळणी पडेपर्यंत हंड्याकडे बघायचंसुद्धा नाही. आत्या चिडायची, “एवढ्या येळेत शेजारनीनं रांजन भरला!” वैनी ऐकून घ्यायची आणि पुन्हा कळशी घेऊन निघायची.

मी आले तेव्हा ती घागरीपर्यंत आली होती. होळीच्या सुमारास एका सकाळी तिनं हंडा आणि घागर दोन्ही घेतली. मी मागून रिकामी कळशी घेऊन चढत होते. त्या शेवटच्या पायऱ्यांवर ती थांबली. मला वाटलं, झालं. पण तिनं नुसता एक श्वास सोडला, टाच दाबली आणि चढली. वर जाऊन माझी वाट बघत उभी राहिली. डोक्यावरचा हंडा तसाच होता. मला म्हणाली, “चल की गं, पोळी करपंल.” घरात तवाही तापला नव्हता.

आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण गोजराबाईला बघूनच केली असावी. आमच्या परसाला आणि तिच्या परसाला एकच कूड. त्या कुडाच्या भोकातून तिला चुलीच्या खोलीतलं दिसायचं. एक दिवस पाहिलं, दोन दिवस पाहिलं, आठ दिवस पाहिलं. मग तिला राहवेना. घाटावर धुणं आपटता आपटता तिनं विषय काढला. साळूबाईची सून रोज पहाटे गणपतीपुढं उठाबशा घालती. चार-पाच नाय, दूध उतू जाईस्तोवर. एवढी माफी मागती, म्हंजी पाप केवढं असंल?

बाकीचं काम घाटानं केलं. राईचा पर्वत व्हायला घाटावर दोन धुणीसुद्धा लागत नाहीत. पोटातलं दोनदा का गेलं, याचं उत्तर बायकांना मिळालं. देवानं शिक्षा केली. शिक्षा कशाची, याचंही मिळालं. माहेर तालमीशेजारी, तिथे सगळे तरणेबांड पैलवान, आणि ही महिन्याकाठी पूल ओलांडून माहेरी जाते. पापाला तोंड नव्हतं, ते घाटानं लावून दिलं.

सावळीरामनं घरात बोलणं टाकलं. त्याचा मळा गंगापूरच्या वाटेवर होता, गंगेकाठच्या बाजारात तो भाजी आणून बसायचा. त्याच्या कानावर तिथेच गेलं असणार. माणूस वाईट नव्हता, पण चांगलं असण्याची तोशीसही घ्यायचा नाही. बायकोला एका शब्दानं विचारलं नाही. ताटातली भाकरी अर्धी टाकून उठायला लागला. त्या अर्ध्या भाकरीचा मला आजही राग येतो.

मी वैनीला म्हटलं, “बंद करा ना थोडे दिवस. लोक इसरतील.” ती म्हणाली, “लोक इसरतील गं. पाय बी इसरतील.”

चैत्र संपता संपता पापड करायला आळीतल्या बायका आमच्या अंगणात जमल्या. उडदाचं पीठ दगडावर ठेवून मोगरीनं कुटायचं, हे सगळ्यांत जड काम वैनीकडे आलं होतं. ती उभ्यानं कुटत होती. कुसाबाई सुईण आणि गोजराबाई लाट्या करत होत्या, मी लाटत होते, आत्या उभ्या करून ठेवलेल्या खाटेच्या सावलीत पाट मांडून बसली होती. गोजराबाईनं काहीतरी हळूच म्हटलं आणि दोघी हसल्या. आत्यानं लाटणं खाली ठेवलं.

“सरू, मोगरी ठेव. आन् हितं समद्यांसमोर सांग, काय पाप केलंयस ते.”

वैनीनं मोगरी ठेवली, हाताचं पीठ झटकलं. मी मनात म्हणत होते, वैनी, सांगून टाका काहीतरी. दूध सांडलं म्हणा, नैवेद्याआधी खाल्लं म्हणा. एक लहानसं पाप सांगून ती सुटली असती. चार बायका हसल्या असत्या आणि मिटलं असतं.

“पाप काय नाय, आत्याबाई,” ती म्हणाली. “मी बैठका मारते.”

एखादं पाप सांगितलं असतं तर बायका एवढ्या दचकल्या नसत्या. कुसाबाई म्हणाली, “अगं बया, कूस वाळंल तुझी.”

“वाळायची तर बसून बी वाळंल, कुसामावशी. मी दोनदा पडून बघितलं, आता उभी ऱ्हाऊन बघते.” मग ती आत्याकडे वळली. “त्या पायऱ्यांवर माझे पाय गेले. पाप नाय, पाय. मला या घरातनं जायचं नाय. म्हणून पाय घट करते.”

काही सुचलं नाही की आत्याला राग यायचा. “माझ्या घरात पैलवानी!” म्हणून ती तरातरा उठायला गेली आणि उठलीच नाही. सकाळपासून पाटावर मांडी घालून बसलेली बाई, गुडघे धरले होते. तिनं एक हात जमिनीला टेकला, दुसरा खाटेच्या पायाला लावला, तरी कंबर उचलेना. पिठाची गिरणी आल्यापासून जातं परसात पालथं पडलं होतं आणि आत्याचं अंग बसून बसून जड झालं होतं. रोज सकाळी खांब धरून ती कशी उठते हे मी पाहत होते, पण चारचौघींत तिची अशी फजिती कधी झाली नव्हती. गोजराबाई तोंडात पदर धरून बघत राहिली.

वैनी पुढे झाली. आत्याच्या दोन्ही काखांत हात घातले, टाचा दाबल्या आणि उचलली. ओढलं नाही, उचलली. भरल्या अंगाची बाई, पण अलगद उभी राहिली. आत्याचे दोन्ही हात वैनीच्या दंडांवर होते. तिनं ते लगेच काढले नाहीत. मग ती घरात गेली. पापड आम्ही मुकाट्यानं लाटले, त्या वर्षीचे जाडच झाले.

दिवेलागणीला आत्यानं वैनीला देवळीसमोर बोलावलं. मी चुलीपाशी होते. आत्याचा आवाज चढलेला नव्हता.

“पाप न करता कान धरायचे म्हंजी देवाला फसवायचं. आपल्या घरात ते नाय चालायचं. कान सोड. काय मारायच्या त्या बैठका माझ्यादेखत मार.”

दुसऱ्या दिवसापासून वैनी हात पुढे धरून बैठका मारायला लागली. आत्या दाराच्या खांबापाशी बसून बघायची. मी वैनीच्या शेजारी. आठवडाभरानं आत्या म्हणाली, “खांब धरून चालतंय का गं?” कुणासाठी विचारते हे वैनीनं विचारलं नाही. नुसती बाजूला सरकली. आत्यानं खांब धरला आणि पाटावरून उठली, परत बसली. दोनदा. तिसऱ्यांदा वैनीनंच थांबवलं. “आज एवढंच, आत्याबाई. उद्या यावंसं वाटलं पायजे.” आत्या फणकारली, “घरातच तर हाय मी, येते कुठनं?” पण दुसऱ्या दिवशी दूध चढायच्या आधी ती खांबापाशी होती.

आळीतल्याही काही जणी येऊन गेल्या. गोजराबाई चार दिवस आली, पाचव्या दिवशी तिला काहीतरी काम निघालं ते आजतागायत संपलं नाही. एक-दोघी मात्र टिकल्या. वैनी कुणाला बोलवायची नाही आणि कुणाला रागवायची नाही. पाऊस आला, गंगा चढली, उतरली. आत्यानं खांब धरायचा सोडून खांबाला नुसतं बोट लावायला सुरुवात केली. मग बोटही सुटलं. आम्ही तिघींनी पावसाळाभर त्या धुरकट खोलीत दूध तापताना एकत्र उठबस केली. माझ्या उभ्या आयुष्यात त्या सकाळींसारख्या सकाळी परत आल्या नाहीत.

पण सरुवैनीला दिवस गेले नाहीत. श्रावण गेला, दसरा गेला. दिवाळी झाली आणि तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझे वडील पंचवटीत येऊन दाखल झाले. सोबत आमच्या गावचे दोघे जाणते होते. वैनीनंच त्यांना पाणी दिलं, वैनीनंच घोंगडी अंथरली. मी आत वळून भिंतीकडे तोंड करून उभी होते. मला ते घर हवं होतं, ती चुलीची खोली हवी होती, पण अशी नको होती.

वडिलांनी नारळ आणि खण घोंगडीवर आत्यासमोर ठेवला. म्हणाले, “आक्का, तू म्हनली व्हतीस तुळशीच्या लग्नापतुर. आता तुझ्या हातानं पोरीच्या ओटीत घाल, म्हंजी आमी तारीख धरतो.”

आत्या मांडी घालून बसली होती. सवयीनं वैनी तिला उठवायला पुढे झाली. आत्यानं हातानंच तिला थांबवून आत पाठवलं, ती माझ्या पलीकडे येऊन उभी राहिली आणि मी दाराआडून बघायला लागले. मग तिनं मांडी सोडली, पाय जवळ घेतले, नारळ-खण दोन्ही हातांत उचलून छातीशी धरले आणि उठली. जमिनीला हात लागला नाही, खांबाला लागला नाही. वडील तोंड उघडं टाकून बघत राहिले. त्यांना आपल्या थोरल्या बहिणीचे गुडघे ठाऊक होते.

आत्या आत आली. मी पदर पुढे करणार एवढ्यात ती माझ्याजवळून पुढे गेली आणि वैनीसमोर थांबली.

“सरू, पदर धर.”

वैनीनं आधी पदरानं डोळे पुसले, मग तो धरला. मी मागून तिची पाठ धरली. आत्यानं खण आणि नारळ वैनीच्या ओटीत घातला, तांदूळ घातले, कुंकू लावलं. नंतर माझ्याकडे वळून, बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“मैने, आजपासनं सावळीरामला दादा म्हनायचं.”

सावळीराम ओट्यावर बसला होता. त्यानं मान वर केली, आईकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि बैलाला पाणी दाखवायला म्हणून उठून गेला. बैल सकाळीच पाणी पिऊन बसला होता. त्या संध्याकाळी त्यानं सबंध भाकरी खाल्ली, वर अर्धी मागून घेतली.

पुढे वैनीला मूल झालं का, हे सगळेच विचारतात. नाही झालं. आत्याला तेव्हा ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी तिनं ओटी भरलीच असती असं मला वाटतं. तिनं मला त्याच आळीत, चार घरं सोडून, दादाच्याच ओळखीच्या घरात दिलं. माझी तिन्ही पोरं सरुवैनीच्या कडेवर वाढली. माझ्या प्रत्येक बाळंतपणानंतर ती यायची, आधी खांब दाखवायची आणि म्हणायची, “आज दोनच.” कुसाबाई सुईणही मग तेच सांगायला लागली, जणू पहिल्यापासून तिचंच होतं. आत्या अखेरपर्यंत स्वतःच्या पायांनी उठत होती. कुणाला तिला उचलावं लागलं ते एकदाच, शेवटचं.

सरुवैनीला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. घाटाच्या पायऱ्या नव्या बांधल्या, चुलीची ती खोलीही राहिली नाही. आता दूध ग्यासवर तापतं आणि फार लवकर वर येतं, त्यामुळे मला थोडं आधीच उभं राहावं लागतं. परवा सुनेनं मला ओट्यापाशी बैठका मारताना पाहिलं. ती दारात थांबली आणि हसून म्हणाली, “आई, काय चुकलं तुमचं?” मी तिला शेजारी उभी राहायला जागा करून दिली आणि म्हटलं, “काहीच नाही गं, बघ, मी कान कुठे धरलेत?”